समोरच्यांचा पामेरियन आणि सासऱ्यांची सही

समोरच्यांचं कुत्रं मी घालवलं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईने शेवटपर्यंत लपवून ठेवलं. सोसायटीच्या कागदांत मात्र माझं नाव कुठेच सापडणार नाही. अर्जावर सही सासऱ्यांची आहे आणि सभेत हात वर केला तोही त्यांनीच.

मुलुंडला आमची बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. आम्ही तिसऱ्यावर. आमच्या दाराच्या बरोबर समोर त्यांचं दार, मधे चार पावलांचा पॅसेज. समोरचे म्हणजे नवरा-बायको दोघंच. ती कुठल्याशा विमान कंपनीच्या ऑफिसात, तो औषधांच्या कंपनीत. कलर टीव्ही बिल्डिंगमध्ये पहिला त्यांच्याकडे आला आणि आला तो दार उघडं ठेवूनच लावला जाऊ लागला. आम्हाला दिसावा म्हणून, दुसरं काय! मग एके दिवशी पामेरियन आलं. पांढरं, वीतभर, कापसाच्या बोळ्याएवढं. ही माणसं घरात आपसात मराठी बोलायची, मोलकरणीशी हिंदी आणि कुत्र्याशी इंग्रजी. "नो बेबी, मम्मा इज गोइंग टु ऑफिस." मम्मा! डोंबल. मी चपला घालता घालता हे ऐकायचे आणि सकाळी सकाळी माझं डोकं उठायचं.

नऊ वाजता त्यांचं कुलूप लागलं की त्या बोळ्याचा भोंगा सुरू. मी जिना उतरून गेटपर्यंत जाईतो ऐकू यायचा. संध्याकाळी साडेसहाला परत यावं तर आवाज बसलेला, तरी चालूच. दिवसभराचा वृत्तांत खालच्या मजल्यावरच्या वहिनी द्यायच्या. त्या घरीच असायच्या आणि त्यांना दुसरा उद्योग नव्हता. "अहो, सतत असतं तर सवय तरी झाली असती. हे मधेच गप्प बसतं, वाटतं सुटलो एकदाचे. की पुन्हा सुरू! अकरा वाजता तर घड्याळ लावून घ्यावं." हे "अकरा वाजता" मी तेव्हा नीट ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

समोरच्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. उपाय काय, तमाशे. आधी रेडिओ चालू ठेवून जायला लागले. म्हणजे आता रेडिओही आणि कुत्रंही. मग तिने आपली जुनी साडी त्याच्या टोपलीत घातली, वासाने शांत राहील म्हणून. कुत्र्याने साडीच्या चिंध्या केल्या आणि त्या चिंध्यांवर बसून भुंकलं. मग म्हणे, निघताना त्याच्याशी बोलायचं नाही, गुपचूप सटकायचं. त्यामुळे आठवडाभर ही दोघं सकाळी चपला हातात घेऊन चोरासारखी पॅसेजमधून जायची. भुरटे कुठले! कुत्रं मूर्ख नव्हतं, ते त्यांची पहिली पायरी उतरायच्या आत सुरू व्हायचं. त्यांच्या मोलकरणीने त्याची मीठमोहरीने दृष्ट काढली. ते ऐकून मी इतकी हसले की भाजी करपली. शेवटी नवऱ्याने टेपरेकॉर्डरवर स्वतःचा आवाज भरला, "क्वायट! सिट! गुड बॉय!" असं पाऊण तास. ती कॅसेट लावून गेले. वहिनी सांगायच्या, कुत्रं त्या टेपरेकॉर्डरवरच भुंकत होतं, आणि त्याचं काय चुकलं?

मला विचाराल तर त्या कुत्र्याचा मला त्रास असा नव्हताच. मी दिवसभर ऑफिसात. पण ज्यांना आठ तास घरी थांबता येत नाही त्यांनी जीव पाळू नये, एवढं साधं त्यांना कळत नाही याचा मला संताप यायचा. हे वाक्य मी तेव्हा ज्याला त्याला ऐकवायचे. पॅसेजमध्ये ऐकवायचे, पाण्याच्या टाकीजवळ ऐकवायचे, ऑफिसात डबा खाताना ऐकवायचे. "जीव पाळायचा आणि कोंडून जायचं. असली कसली हौस?" मैत्रिणी माना डोलवायच्या. आमच्या घरात दिवसभर कोण असायचं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आमच्या घरात सासरे असायचे. लालबागच्या चाळीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. संपात गिरणी बंद पडली, सासूबाई त्याच्या आधीच गेलेल्या, मग चाळीतली खोली सोडून आमच्याकडे आले. म्हणजे खरं तर आम्ही त्यांच्याकडे. फ्लॅट त्यांच्या फंडातून घेतलेला, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर, सोसायटीचे सभासद ते. साच्यांच्या खडखडाटात पस्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते. कानाशी ओरडल्याशिवाय माझं बोलणं त्यांना ऐकू जायचं नाही. नवऱ्याचंही नाही, तो मुळात बोलायचाच कमी. मी सकाळी त्यांच्यासमोर हातवारे करायचे, भात इथे, आमटी इथे, गॅसला हात लावू नका. बाहेर पडू नका, जिन्यात पडाल. ते "व्हय, व्हय" म्हणायचे. अस्सल मालवणी. समोरची ती मम्मा पॅसेजमध्ये असली की त्यांनी तोंड उघडू नये असं मला वाटायचं. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

वहिनींनीच मला चढवलं. "तुम्ही लिहा ना अर्ज, तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे, त्यांचं ऐकतील." मी पडले लिहिण्यात हुशार. एका रविवारी बसून फुलस्केपवर इंग्रजीत अर्ज ठोकला. इंग्रजीत, कारण कमिटीत सगळ्या भाषांचे लोक, आणि दुसरं म्हणजे समोरच्यांना दाखवायचं होतं की इंग्रजी काय त्यांच्या कुत्र्याच्याच मालकीचं नाही. लिहिलं की, मी वयोवृद्ध असून प्रकृती नाजूक आहे, दिवसभरच्या भुंकण्याने मला क्षणाची विश्रांती नाही, तरी सदर प्राणी हलवण्यात यावा. अर्ज सभासदाच्याच सहीने द्यायचा असा नियम. मी कागद सासऱ्यांपुढे धरला, पेन हातात दिलं आणि बोटाने जागा दाखवली. त्यांना मराठी चांगलं वाचता यायचं, रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. इंग्रजी नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्याने म्हटलं, "सोसायटीचं आहे, बाबा." त्यांनी चष्मा लावून सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. गिरणीतही असंच असेल, कारकुनाने कागद पुढे केला की सही.

ठार बहिऱ्या माणसाच्या नावाने आवाजाची तक्रार! सेक्रेटरी रिटायर्ड माणूस, फाईल काखेत घेऊनच झोपत असावा. त्याच्याही डोक्यात शिरलं नाही. समोरच्या मम्माच्या मात्र शिरलं. पॅसेजमध्ये मला अडवून म्हणाली, "पण आजोबांना तर ऐकायलाच येत नाही ना?" मी असा काही चेहरा केला की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "घरातल्या वडीलधाऱ्यांना बहिरं म्हणता? शोभतं तुम्हाला?" म्हटलं आणि दार लावून घेतलं. आत येऊन मला फार बरं वाटलं होतं.

सभा पुढच्या रविवारी होती. त्याच आठवड्यात बुधवारी माझं अंग तापलं आणि साहेबांना सांगून मी सकाळीच ऑफिसातून परत निघाले. बिल्डिंगमध्ये शिरले तेव्हा अकरा वाजत आले होते. जिन्यात सामसूम होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि वरून ठकठक ऐकू आली. लोखंडावर लाकूड आपटल्याची. लगेच कुत्रं भुंकलं. मी मधल्या वळणावर थांबले आणि मान वर करून पाहिलं.

आमचं लाकडी दार सताड उघडं होतं. जाळीच्या दाराला आतून कडी. त्यामागे स्टुलावर सासरे बसले होते, अंगात बनियन, हातात काठी. काठीने त्यांनी जाळी पुन्हा ठोकली. समोरच्या बंद दारामागून ते कुत्रं पुन्हा भुंकलं.

"काय रे झिला, जेवलंस?" सासरे म्हणाले.

भू.

"माका पण आजची आमटी जाऊक नाय. नुसतां पाणी. काय करतलंस? कामाक जातत, तेंका वेळ नाय."

ते बोलत होते तोवर कुत्रं गप्प. दाराच्या फटीतून त्याचं नाक फुसफुसत असलेलं मला खालून ऐकू येत होतं. मग सासरे सांगायला लागले, साचेखात्यात कोण कोण होते, कोण मेला, कोण गावाक गेलो. एवढं सलग बोलताना मी त्यांना आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. ते थांबले की कुत्रं भुंकायचं, आणि ते भुंकलं की त्यांचा चेहरा उजळायचा. का, ते मला तिथे पायरीवर उभं राहूनच समजलं. ते तीक्ष्ण, चिरकं भुंकणं त्यांच्या कानात शिरत होतं. त्या आख्ख्या मजल्यावर त्यांना ऐकू येईल असा तो एकच आवाज होता. "ऐकलंय रे, ऐकलंय," म्हणून ते हसले. ज्या पोटच्या मुलाबरोबर राहायचे त्याला त्यांनी "झिला", म्हणजे पोरा, अशी हाक मारलेली मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकली असेल तेवढीच.

मी वर गेले नाही. खाली उतरून वॉचमनच्या बाकावर तापात अर्धा तास बसले. मग मुद्दाम चपला आपटत वर गेले. तोवर दार बंद होतं. सासरे आत पेपर वाचत बसले होते. "लवकर इलंस?" म्हणाले. मी कपाळावर हात लावून दाखवला. त्यांनी उठून मला पाणी आणून दिलं.

आता पुढचं ऐका. बुधवार ते रविवार चार दिवस होते. अर्ज मागे घ्यायला एक ओळ पुरली असती. सेक्रेटरीचं दार एक मजला वर. पण काय सांगणार होते मी? आमचे सासरे दाराआडून समोरच्या कुत्र्याशी मालवणीत गप्पा मारतात, तेच त्याला भुंकायला लावतात, आणि त्यांच्याशी बोलणारं घरात दुसरं कुणी नाही? हे मी त्या मम्मासमोर बोलू? मी गेलेच नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तूच सुरू केलंस, तूच बघ काय ते." पेपर वर करून बसला. धन्य तो! मी मनात म्हटलं, कमिटीच नाही म्हणेल, मग सुंठीवाचून खोकला जाईल. चार दिवस ताप होता हेही खरं, पण तापाने माणसाची अक्कल जात नाही, नाक तेवढं वर राहतं.

सभा गच्चीवर सतरंज्या टाकून. सासरे प्रत्येक सभेला जायचे. इस्त्रीचा शर्ट, टोपी. सभासद ना ते! गणपूर्ती व्हावी म्हणून सेक्रेटरी स्वतः बोलवायला यायचा आणि त्यांना त्याचा मान वाटायचा. शेवटच्या रांगेत खुर्ची मिळायची. तिथे अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी चालायचं. त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. टाकीची दुरुस्ती झाली, रंगकाम झालं, मग कुत्रं. सेक्रेटरीने माझा अर्ज वाचला, मोठ्या झोकात. समोरची मम्मा उठून रडकुंडीला येऊन म्हणाली की आम्ही कसंही करून शांत ठेवू, मूल नाहीये हो आम्हाला. तिचा नवरा खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. मी कठड्याला टेकून सगळ्या बायकांत उभी होते, आणि वहिनी माझ्या कानाशी "नाटकं बघा, नाटकं" म्हणत होत्या. मी हसले. हो, हसले.

"जो कुत्ता हटाने के पक्ष में हैं, हाथ ऊपर," सेक्रेटरी म्हणाला. हात वर झाले. सासऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. गिरणीच्या युनियनच्या सभा त्यांनी आयुष्यभर केल्या होत्या. आपल्या माणसांचे हात वर गेले की आपला खाली ठेवायचा नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हात वर केला. सरळ, कोपरात न वाकवता. सेक्रेटरीने पेन्सिलीने मोजायला सुरुवात केली ती त्यांच्यापासूनच.

त्याच आठवड्यात एका सकाळी गाडी आली आणि कुत्रं गेलं. जुहूला कुणाच्या बंगल्यावर दिलं म्हणे. सासरे तेव्हा आंघोळीला गेले होते. वहिनींनी मला पेढा आणून दिला. मी तो खाल्ला नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.

तीन-चार दिवसांनी वहिनीच म्हणाल्या, "तुमच्याकडे दुपारी काय ठोकठोक चालते हो? अकरापासून?" मी म्हटलं, असेल कुणाचं काहीतरी. रविवारी जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "समोरचो कुत्रो आजारी आसा काय?" मी ओरडून सांगितलं, "गावाला नेलंय." "कधी येतलो?" "येईल." त्यांनी भात कालवला आणि म्हणाले, "पावसाच्या आत आणूक व्हयो. थय चिखल असतलो." माझा नवरा ताटातून वर पाहत नव्हता.

खोटं आठवडाभर टिकलं. एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाची परत आले तर ते जाळीच्या दारात स्टुलावर, आणि समोरची मम्मा आपल्या दाराला कुलूप घालत होती. त्यांनी तिला विचारलं, कुत्रो कधी येतलो? ती वळली. मला वाटलं आता इंग्रजी काहीतरी फेकेल. पण ती जाळीजवळ आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि शुद्ध मराठीत ओरडली, "तो नाही येणार, आजोबा. तुमच्या अर्जाने गेला तो. तुमची सही आहे. तुम्हीच हात वर केलात." एवढं बोलून ती माझ्या बाजूने जिना उतरून गेली. मला शिवी द्यायला हवी होती तिने. दिली नाही.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी हातात धरून पायरीवरच उभी. त्यांनी कडी काढली, मला आत घेतलं, दार लावलं. मग विचारलं, "तां इंग्रजीत काय लिवलेलां?"

मी सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, एकेक वाक्य, दोन-दोनदा. वयोवृद्ध आहे. नाजूक आहे. क्षणाची विश्रांती नाही. स्वतःची लबाडी बहिऱ्या माणसाला समजावून सांगायची म्हणजे काय असतं, ते एकदा करून बघा. खालच्या वहिनींनाही ऐकू गेलं असणार. मी रडत होते आणि ओरडत होते. सासरे कानाला हात लावून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "माका इचारूचां तरी होतां." बस, एवढंच. संध्याकाळी नेहमीसारखे जेवले. स्टूल मात्र दुसऱ्या दिवसापासून बाल्कनीत गेलं.

समोरचे वर्षभरात फ्लॅट विकून गेले. मी पुढे दुपारची सुट्टी काढून अधूनमधून घरी थांबायला लागले, त्यांच्या शेजारी बसायचे, कानाशी ओरडायचे. ते ऐकून घ्यायचे, "व्हय" म्हणायचे. साचेखात्यात कोण कोण होते ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही, कारण मी जिन्यातून ऐकलं होतं हे त्यांना कळलं असतं.

शेवटच्या आजारपणात सेक्रेटरी नॉमिनेशनचा फॉर्म घेऊन आला. फ्लॅट मुलाच्या नावे व्हायला लागणारा कागद, छापील, इंग्रजी. नवऱ्याने पेन पुढे केलं. सासऱ्यांनी ते घेतलं नाही. बोट माझ्याकडे केलं. "वाचून दाखव." मी खाटेवर बसले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सबंध फॉर्म मराठीत करून वाचला, तळाच्या बारीक अक्षरांसकट. सेक्रेटरी घड्याळ बघत होता. वाचून झालं. त्यांनी पेन हातात घेतलं, टोक कागदावर टेकवलं आणि थांबले. माझ्याकडे बघून विचारलं,

"ह्येच्यात कोणाक घालवूचां नाय मां?"